डीप फ्रीझरचा पूर्वेतिहास : बर्फाचे जहाज, मोहाचे फूल आणि मरोळमधली एक थंड पेटी

१/
मंडळी, आजचा धागा एका पांढऱ्या पत्र्याच्या पेटीविषयी आहे. मरोळ नाक्यावरून मरोशीच्या दिशेने चालत गेलात तर ही पेटी आपल्याला अनेक ठिकाणी दिसेल. आइस्क्रीमच्या दुकानात, मासळीवाल्याकडे, केटररच्या गाळ्यात. वरून झाकण उघडणारी, आडवी, जड. आपण तिला ‘डीप फ्रीझर’ म्हणतो.

२/
जगभरातील हौशी मंडळी या पेटीचे रूपांतर घरगुती बिअरयंत्रात करतात. आत बिअरची पिंपे, झाकणाखाली लाकडी चौकट, चौकटीला तोट्या. केग आणि फ्रीझर या दोन शब्दांचा सांधा करून तिला ‘कीझर’ असे नाव पडले आहे. वरवर पाहता हा निव्वळ हौसेचा उद्योग वाटतो. परंतु या पेटीच्या प्रत्येक भागामागे दीर्घ इतिहास आहे, आणि त्यातील बराचसा आपल्या मुंबईत व साष्टीत घडलेला आहे.

३/
धाग्याच्या अखेरीस एक प्रश्न येईल: अशी पेटी मरोळच्या घरात ठेवता येईल काय? त्याचे उत्तर यंत्रशास्त्रापेक्षा इतिहासात अधिक दडलेले आहे. म्हणून आरंभ जुन्या काळापासून करू.

४/
बिअर हे मुळात थंड प्रदेशाचे पेय. जव भिजवून मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, गरम पाण्यात त्यांची साखर उतरवायची, हॉप नावाच्या वेलीची फुले घालून उकळायचे आणि मग किण्वाच्या हवाली करायचे. किण्वाला उष्णता मानवते, पण बिअरला मानवत नाही. उकाड्यात तिच्यात नको ते जिवाणू वाढतात आणि ती आंबट होते. मुंबईचे हवामान बिअरचे वैरीच म्हणावे लागेल.

५/
म्हणूनच कंपनी सरकारच्या काळात बिअर येथे तयार होत नसे. ती विलायतेहून जहाजाने येई. लंडनच्या बो भागातील हॉजसन यांची भट्टी या व्यापारात प्रथम पुढे आली. १८२०च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास या व्यावसायिकांनी तिच्याशी स्पर्धा सुरू केली. हॉप भरपूर घातलेली ही फिकट बिअर लांबच्या प्रवासात टिकून राही. तिलाच पुढे ‘इंडिया पेल एल’ हे नाव रूढ झाले.

६/
येथे एक गैरसमज दूर करू. ‘हिंदुस्थानसाठी एका इंग्रजाने मुद्दाम या बिअरचा शोध लावला’ ही गोष्ट समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. वस्तुतः अधिक हॉप घातलेली बिअर अधिक टिकते, हे इंग्रज भट्टीवाल्यांना आधीपासून ठाऊक होते. हिंदुस्थानच्या बाजारपेठेने त्या प्रकाराला प्रसिद्धी दिली, इतकेच. ध्यानात ठेवण्याची बाब ही की, थंडावा नसेल तर त्याची उणीव हॉपने भरून काढावी लागे.

७/
बिअर टिकली तरी ती पिताना कोमटच असे. मुंबईत थंडावा मिळवण्याचा जुना मार्ग म्हणजे सोऱ्याचे पाणी. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, त्या पाण्यात बाटली फिरवत ठेवायची. मोगल दरबारात ही युक्ती प्रचलित होती आणि इंग्रजांनी ती तेथूनच उचलली. पण तिला श्रम फार आणि फळ थोडे.

८/
मग १८३३ मध्ये एक अद्भुत घटना घडली. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने ‘टस्कनी’ नावाचे जहाज कलकत्त्याला धाडले. त्यात सुमारे १८० टन बर्फ भरला होता. न्यू इंग्लंडमधील तळी हिवाळ्यात गोठली की त्यांच्या पृष्ठभागाच्या लाद्या कापायच्या आणि त्या लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाच्या पोटात रचायच्या. चार महिन्यांचा प्रवास आणि दोनदा विषुववृत्त ओलांडणे. तरीही निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत पोहोचला!

९/
भुसा हे येथले खरे यंत्र होते. त्यातील हवेचे लहान लहान कप्पे उष्णतेला आत येऊ देत नाहीत. आजच्या डीप फ्रीझरच्या भिंतीत जो फोम भरलेला असतो, त्याचे कार्य नेमके हेच. थंडावा निर्माण करण्याआधी तो राखायचा कसा, हे माणूस प्रथम शिकला.

१०/
पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, अमेरिकी बर्फ मुंबईच्या बंदरात उतरला. जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या घरच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले. त्यानंतर यजमान व पाहुणे यांना पडसे झाले, अशी वार्ता ‘मुंबई समाचार’ने छापल्याचे सांगितले जाते. शहरात थंडाव्याने प्रवेश केला तो असा, श्रीमंतांच्या ताटातून आणि थोड्या थट्टेच्या धनीपणासह.

११/
पुढे कोट भागात, स्कॉटिश देवळासमोर, घुमटाकार बर्फघर उभे राहिले. ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाडले गेले. मद्रासचे बर्फघर मात्र आजही उभे आहे; स्वामी विवेकानंदांचा तेथे मुक्काम झाला आणि पुढे त्या वास्तूला त्यांचेच नाव मिळाले. मुंबईच्या बर्फघरातून बर्फ रुग्णालयांत जाई, क्लबांत जाई आणि साहेबाच्या बिअरच्या पेल्यापर्यंतही जाई. साष्टीतल्या शेतकऱ्यापर्यंत तो जात नसे, हे सांगायला नकोच.

१२/
आता मरोळकडे वळू. १५३४ च्या तहाने वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. कोंदिवटे गावात जेझुइट पाद्र्यांनी १५७९ मध्ये संत जॉन बाप्टिस्टाची इगर्ज बांधली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेने हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि १७७४ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. १८४० मध्ये साथीमुळे कोंदिवट्याची वस्ती उठली आणि इगर्ज मरोळला हलली. जुन्या इगर्जीचे भग्नावशेष आज सीप्झच्या कुंपणाआड आहेत.

१३/
या गावांतील मूळचे ख्रिस्ती म्हणजे आपले ईस्ट इंडियन. घरात मराठीची स्वतःची बोली, लुगड्याची स्वतःची धाटणी, बाटलीत भरून ठेवलेला वर्षभराचा मसाला. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, स्वीकारले. गोवा आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती मंडळींपेक्षा आपण वेगळे, येथल्याच मातीतले, हे सांगण्याचा तो प्रयत्न होता.

१४/
या समाजात पेय ही घरात तयार होणारी वस्तू होती. लग्नात मसाले घालून गरम केलेले खिमट, सणासाठी घरी घातलेल्या द्राक्षाच्या वा आल्याच्या वाइन. शेजारचे भंडारी माडाची व ताडाची ताडी काढत. आदिवासी पाड्यांवर मोहाची फुले वेचली जात. पाहुण्याच्या हाती घरचा पेला देणे हा आतिथ्याचा भाग होता, आणि त्यात दुकान कोठेही नव्हते.

१५/
सरकारला ही गोष्ट रुचण्यासारखी नव्हती, कारण घरात तयार झालेल्या पेयावर कर वसूल होत नाही. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा याच हेतूने आला. ताडी काढावयाच्या प्रत्येक झाडावर कर, काढणाऱ्याला परवाना आणि दारू गाळण्याचे काम मक्तेदाराच्या मोठ्या भट्टीकडे. पिढीजात ताडी काढणाऱ्या भंडाऱ्यांच्या उपजीविकेवर त्याचा थेट घाव बसला.

१६/
१८९२ मध्ये याहून विलक्षण कायदा झाला: मुंबई मोहवडा कायदा. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच त्याने बंधने घातली. त्या काळी मुंबई उपनगर हा जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो १९२० मध्ये झाला. तोवर मरोळसह सारी साष्टी ठाणे जिल्ह्यात होती. म्हणजे येथे झाडाखाली पडलेले फूल वेचून घरी साठवणे हेही कायद्याच्या कक्षेत आले. दारू तर दूरच, दारूची शक्यताही सरकारच्या नजरेत आली.

१७/
येथवर दोन धागे आपल्या हाती आले. एक थंडाव्याचा, तो बंदरातून क्लबाकडे गेला. दुसरा घरच्या पेयाचा, तो परसातून कचेरीकडे ओढला गेला. आता थंडाव्याचा धागा पुन्हा हाती घेऊ, कारण युरोपात याच सुमारास मोठी क्रांती घडत होती.

१८/
ज्या १८३४ साली मुंबईत बर्फ उतरला, त्याच साली लंडनमध्ये जेकब पर्किन्स याने बर्फ करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. तत्त्व असे: एखादा द्रव बाष्प होताना भोवतालची उष्णता शोषतो. ते बाष्प दाबून पुन्हा द्रव करावे, म्हणजे शोषलेली उष्णता तो बाहेर टाकतो. हे चक्र फिरवत राहिले की एक बाजू थंड आणि दुसरी उष्ण. आपल्या घरचा फ्रिज आजही याच चक्रावर चालतो.

१९/
हे यंत्र कारखान्यात खऱ्या अर्थाने रुळले ते बिअरमुळे. बव्हेरियातील लागर बिअरचे किण्वन साधारण ८ ते १२ अंशांवर होते आणि नंतर ती शून्याच्या जवळपास कित्येक आठवडे मुरत ठेवावी लागते. त्यासाठी तळघरांत नैसर्गिक बर्फाचे डोंगर रचले जात. हिवाळा सौम्य गेला की धंदा धोक्यात! म्हणून म्युनिकच्या श्पाटेन भट्टीने प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे यांना आपल्याकडे प्रयोगासाठी जागा दिली.

२०/
१८७०च्या दशकात लिंडे यांनी आधी मिथिल ईथरवर आणि मग अमोनियावर चालणारी यंत्रे सिद्ध केली. अमोनियाच्या सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक त्रिएस्ते येथील ड्रेअर यांच्या भट्टीत बसले. १८७९ मध्ये लिंडे यांनी स्वतःची कंपनी काढली. त्यानंतर खाटीकखाने, दूधकेंद्रे, बर्फाचे कारखाने असा प्रसार होत गेला. आपल्या स्वयंपाकघरातील फ्रिजच्या पूर्वजांना प्रथम आश्रय मिळाला तो बिअरच्या भट्टीत, हे विसरू नये.

२१/
यंत्राचा बर्फ आला आणि बॉस्टनची जहाजे थांबली. कलकत्त्यात १८७८ मध्ये बंगाल आइस कंपनी उभी राहिली आणि आयात बर्फाचे दिवस सरले. तोवर हिंदुस्थानातील बिअरच्या भट्ट्या मात्र थंडीच्या शोधात डोंगर चढल्या होत्या. एडवर्ड डायर याची कसौलीची भट्टी १८५०च्या दशकातली. हिमालयातील गार हवा व झऱ्याचे पाणी हेच तिचे भांडवल होते.

२२/
तोटीतून फेसाळत येणाऱ्या बिअरचा इतिहास निराळा आहे. १७६७ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक बिअरच्या भट्टीशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपांवर जड वायूचा थर तरंगतो, हे त्याने पाहिले. त्यावर पाण्याचे भांडे धरले आणि सोडावॉटर जन्मास आले! १८०३ मध्ये विल्यम हेन्री याने नियम सांगितला: दाब जितका अधिक, तितका वायू द्रवात अधिक विरघळतो. आणि द्रव जितका थंड, तितका तो वायू टिकून राहतो.

२३/
आता कीझरची रचना चटकन उमगेल. फ्रीझर मुळात उणे १८ अंशांसाठी बनवलेला असतो. बिअर उणे २-३ अंशांच्या आसपासच गोठू लागते. म्हणून फ्रीझरच्या वीजपुरवठ्यात बाहेरून एक तापमान-नियंत्रक जोडतात. त्याचा संवेदक पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवतात, म्हणजे झाकण उघडताच कॉम्प्रेसर विनाकारण धावत नाही. तापमान ३ ते ४ अंशांवर स्थिर करतात आणि कॉम्प्रेसरला दोन फेऱ्यांमध्ये काही मिनिटांची उसंत देतात.

२४/
झाकण काढून पेटीच्या कडेवर सुमारे १५ सेंटिमीटर उंच फळ्यांची चौकट बसवतात आणि तिच्यावर पुन्हा झाकण. तोट्यांसाठी भोके या चौकटीलाच पाडायची. पेटीच्या भिंतीला कदापि नाही, कारण शीतद्रव्याच्या नळ्या भिंतीच्या आतूनच फिरतात. आजच्या अनेक पेट्यांत ते द्रव्य आयसोब्युटेन असते, आणि ते ज्वालाग्राही आहे. एक चुकीचे भोक पेटीही घालवील आणि कदाचित घरही.

२५/
आत पिंपे आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. रेग्युलेटरवर सुमारे १२ पौंडांचा दाब ठेवला की ३-४ अंशांवरील बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या अडीच पट वायू विरघळून राहतो. पिंपापासून तोटीपर्यंतची नळी अरुंद आणि साधारण ३ मीटर लांब हवी. नळीतील घर्षणाने दाब हळूहळू उतरतो. नळी आखूड असली तर पेल्यात नुसता फेस. प्रीस्टली, हेन्री आणि लिंडे असे तिघे जण या एका पेटीत एकत्र नांदतात.

२६/
मुंबईच्या दमट हवेची यात एक खास अडचण. झाकण उघडले की बाष्प आत शिरते आणि तळाशी पाणी साचते. त्यासाठी आत आर्द्रता शोषणारी पुडी आणि हवा खेळती ठेवणारा लहान पंखा लागतो. दुसरा धोका गंभीर आहे. कार्बन डायऑक्साइड हवेहून जड. सिलिंडर गळला तर तो वायू पेटीच्या तळाशी विहिरीसारखा साचतो. डोके आत घालून वाकण्यापूर्वी झाकण उघडे ठेवून खोली हवेशीर करणे अत्यावश्यक.

२७/
ही पेटी आपल्या देशात कशी रुळली? १९२७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचा मोहोरबंद कॉम्प्रेसरचा फ्रिज आला आणि यंत्र घरात नांदण्याइतके सुरक्षित झाले. मुंबईत १९४३ मध्ये मोहन अडवाणी यांनी ब्लू स्टार सुरू केली, १९५४ मध्ये टाटा व फोल्कार्ट यांची व्होल्टास आली, आणि १९५८ मध्ये विक्रोळीच्या गोदरेजने भारतात घडवलेला फ्रिज बाजारात आणला. विक्रोळी आणि मरोळ यांच्यामध्ये फक्त पवई आणि डोंगर.

२८/
त्याच दोन दशकांत मरोळही पालटले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. भातशेती असलेल्या जमिनीवर औद्योगिक वसाहत आली, १९७३ मध्ये सीप्झ आले. लेथ, वेल्डिंग, पत्राकाम, फ्रिजची दुरुस्ती जाणणारे हात या परिसरात वाढले. पाइपला पितळी जोड लावून देणारा कारागीर शोधायला येथे फार हिंडावे लागत नाही. कीझर घडवण्याची कला मरोळला परकी नाही.

२९/
मग अडचण कोठे? उत्तर १९४९ च्या कायद्यात आहे. त्याआधी १९३९ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली होती. अबकारी मंत्री डॉ. गिल्डर स्वतः पारशी, आणि दारूच्या व्यवसायात अनेक पारशी. विरोध तीव्र झाला. युद्धकाळात ती बंदी ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई दारूबंदी कायदा संमत झाला आणि १९५० पासून संपूर्ण राज्य ‘कोरडे’ ठरले.

३०/
१९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधे व प्रसाधनांविषयीच्या काही तरतुदी रद्द केल्या. बाकी कायदा वैध ठरला. १९६०च्या दशकात महाराष्ट्राने नियम सैल केले. पण कायदा मोडीत काढला नाही! १ मे १९६० रोजी राज्य विभागले तेव्हा महाराष्ट्र व गुजरात या दोघांच्या वाट्याला तोच कायदा आला. गुजरात त्याच्या आधारे बंदी चालवतो आणि महाराष्ट्र त्याच्याच आधारे परवाने देतो.

३१/
दारूबंदीच्या वर्षांत घरगुती पेयाचे काय झाले? ते लपले. वांद्र्यापासून उपनगरांपर्यंतच्या ख्रिस्ती वस्त्यांत ‘आंटीचे अड्डे’ चालू झाले. त्या बायकांपैकी कित्येकींना दुसरा आधार नव्हता. चित्रपटांनी त्यांची थट्टा केली, पोलिसांनी धाडी घातल्या. आणि सणाला घरी वाइन घालणाऱ्या सरळमार्गी ईस्ट इंडियन कुटुंबावरही त्याच नजरेची सावली पडली. आजीची बरणी आणि गुंडाची भट्टी यांत फरक करण्याची सोय कायद्यात नव्हती.

३२/
परंतु दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. बळी पडलेले बहुतेक जण हातावर पोट असलेले. जवाच्या साध्या किण्वनातून असे विष तयार होत नाही, ते भेसळीतून येते, हे खरे. तरी अशा घटनांनंतर ‘घरी कोणालाही करू द्या’ असे म्हणण्यास कोणते सरकार धजेल?

३३/
इतर देशांनी या पेचातून वाट काढली. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट रद्द केली. अमेरिकेत १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी घरगुती वापरापुरत्या बिअरवरील केंद्रीय कर उठवणाऱ्या विधेयकावर सही केली. त्यांनी एक रेषा आखली: किण्वन घरी चालेल, ऊर्ध्वपातन नाही, स्वतःसाठी चालेल, विक्रीसाठी नाही. शीतपेय कंपन्यांनी टाकून दिलेली १९ लिटरची पोलादी पिंपे हौशी मंडळींच्या हाती आली आणि त्यातूनच कीझरचा प्रसार झाला.

३४/
महाराष्ट्रात वाट निघाली ती उद्योगाच्या बाजूने. २००९ मध्ये पुण्यात सुकेतु तळेकर व प्रतीक चतुर्वेदी यांनी डूलाली ही लघु-भट्टी सुरू केली. पुढील दशकात मुंबईतही, अंधेरीसह, अशा जागा आल्या. ताज्या बिअरच्या तोट्या शहराला दिसल्या. पण घरच्या बरणीचा प्रश्न जेथल्या तेथेच राहिला. भांडवल असणाऱ्याला परवान्याची वाट आहे. परसात आल्याची वाइन घालणाऱ्या आजीसाठी तशी सोपी वाट नाही.

३५/
तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर. डीप फ्रीझर, नियंत्रक, चौकट, तोट्या हे सारे घरी जुळवता येते. परंतु परवान्यावाचून बिअर तयार करणे महाराष्ट्रात गुन्हा आहे. मद्य बाळगण्यास व पिण्यासही परवाना लागतो. बिअरसाठी किमान वय २१ वर्षे. धाग्याच्या वाचकांपैकी अनेक जण त्याहून लहान आहेत, म्हणून हे स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य समजतो. कायदा अन्याय्य वाटत असेल तर तो बदलण्याची मागणी करावी; आंधळेपणाने तो मोडू नये.

३६/
मात्र पेटी रिकामी ठेवण्याचे कारण नाही. प्रीस्टलीचे सोडावॉटर आठवा. मुंबईला सोड्याची थोर परंपरा आहे: १८६५ पासूनचे पालनजी, १८८९ पासूनचे ड्यूक्स. तेच पिंप, तोच दाब, तीच तोटी, आत कोकमाचे सरबत भरा. मे महिन्यात मरोळच्या घरात तोटी फिरवताच फेसाळते गुलाबी कोकम पेल्यात उतरेल. त्यास ना परवाना लागतो, ना वयाची अट.

३७/
१८३४ मध्ये थंड पेला ही मुंबईतील मूठभर धनिकांची मिरास होती. आज नाक्यावरचा मासळीवालाही थंडाव्याचा धनी आहे. हा प्रवास पूर्ण झाला. दुसरा प्रवास, परसातून कचेरीकडे गेलेल्या घरच्या पेयाचा, अजून अर्ध्यावर आहे. मोहाच्या फुलावर पहारा बसवणाऱ्या कायद्यापासून आजच्या परवान्यापर्यंत एकच प्रश्न चालत आला आहे: घराच्या उंबरठ्याआत काय आंबवावे, हे कोणी ठरवावे?

३८/
आपल्या घरी आजी-आजोबा ईस्ट इंडियन, भंडारी, आगरी वा कोळी असतील तर त्यांना एकदा अवश्य विचारा: लग्नात काय प्यायले जाई, ते कोण करी, कशात साठवत, आणि ते केव्हा थांबले? उत्तरे लिहून ठेवा. सरकारी दप्तरात कर आणि खटले सापडतील. कृती मात्र माणसांबरोबरच जातात. धागा येथे पूर्ण झाला.